हिमरू का वळत नव्हती

मुकुंदवाडीतल्या साहेबराव साळव्यांची मोनाली गाडी लई चांगली चालवते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाची नवी गाडी शोरूममधून घरी आणायची असो की कुणाच्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असो, हाक तिलाच पडायची. यात नवल काही नव्हतं. साहेबरावांनी उभी हयात एका रिक्षाच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर म्हणून काढली होती. नवी रिक्षा लाइनवरून उतरली की ती ट्रॅकवर फिरवायची, तिची खडखड ऐकायची आणि तिला कुठं दुखतंय ते इंजिनिअरला सांगायचं, हे त्यांचं काम. पोरगी शाळेत होती तेव्हाच त्यांनी तिला शेजारी बसवून डोळे मिटायला लावले होते. "आता सांग, कोणतं चाक बोलतंय?" मोनाली सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची.

पुढं ती डिप्लोमा करून शेंद्र्याच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत तपासणी विभागात लागली. कंपनीच्या सहलीत एकदा सगळे गो-कार्टिंगला गेले. मोनालीनं सगळ्यांना इतकं मागं टाकलं की ट्रॅकवाल्यानं तिची कार्ट बदलून पुन्हा चालवायला दिली, आणि ती पुन्हा पुढंच राहिली. हे सगळं कठड्याला टेकून एक माणूस पाहत होता. त्याचं नाव विश्वजीत. बिडकीनच्या मोठ्या शेतकरी घरातला, शिकून इंजिनिअर झालेला, शेंद्र्यातच दुसऱ्या कंपनीत डिझाइनला होता. त्याला एकच वेड होतं, स्वतःच्या हातानं रेसिंग कार बनवायची आणि दक्षिणेकडच्या ट्रॅकवर हौशी संघांच्या स्पर्धेत उतरवायची.

पुढच्याच आठवड्यात तो साळव्यांच्या घरी आला. "जयभीम, काका," म्हणून वाकून पाया पडला आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "काका, तुमची मोनाली मला द्या."

मोनालीच्या आईच्या, गीताबाईंच्या हातातली चहाची बशी थबकली.

"ड्रायव्हर म्हणून हो, काकू!" विश्वजीत स्वतःच लाजला, आणि सगळं घर हसलं. त्या हसण्यातच त्यानं घरात जागा केली. मोनाली त्याला दादा म्हणू लागली. चितेगावला त्याच्या काकांचं एक जुनं शेड रिकामं होतं, तिथं काम सुरू झालं. मोनालीचा धाकटा भाऊ अतुल आयटीआय करून फिटर झाला होता. "माझ्या भावाला पण घ्या," असं तिनंच सांगितलं. सुट्टीच्या दिवशी बहीणभाऊ एकाच मोटरसायकलवर पैठण रस्त्यानं चितेगावला जायचे, आणि जाताना गीताबाई तीन माणसांचा डबा द्यायच्या. तिसरा डबा विश्वजीतचा. त्याला त्यांच्या हातचं येसरचं कालवण फार आवडायचं.

गाडी तयार झाली. एकाच माणसाची, उघड्या चाकांची, मागं मोटरसायकलचं इंजिन. काळ्या अंगावर सोनेरी बुट्ट्या काढायची कल्पना मोनालीची, म्हणून इथल्या बुट्टेदार हिमरू शालींवरून नाव पडलं हिमरू. दिसायला देखणी होती. आणि हलकी! विश्वजीतला तिच्या हलकेपणाचा केवढा अभिमान. बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना इतर लोक फ्रेमला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, तिरपे पाइप जोडतात, ते त्यानं काढूनच टाकले होते. "लोक घाबरून लोखंड भरतात," तो म्हणायचा. "मी हिशेबानं काढलं." त्याच्या या डिझाइनवर एका मासिकात लेख आला, कॉलेजांनी व्याख्यानाला बोलावलं. मोनाली पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची.

पण हिमरू वळत नव्हती.

कोईमतूरच्या पहिल्या शर्यतीतच ते कळलं. सरळ रस्त्यावर गाडी बाणासारखी जायची. वळण आलं की नाक बाहेर पळायचं. मोनाली स्टिअरिंग आणखी फिरवायची, गाडी ऐकायची नाही, आणि ऐकतच नाही असं वाटेपर्यंत अचानक मागचं टोक सुटायचं. जणू दोन वेगवेगळ्या गाड्या मधे दोरीनं बांधल्या होत्या. ती शेवटून दुसरी आली.

विश्वजीतनं पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. "आता बघ, एकदम फरक पडेल."

मोनाली फेऱ्या मारून आली. हेल्मेट काढून म्हणाली, "दादा, काही फरक नाय वाटला."

त्यानं नरम स्प्रिंगा बसवल्या. तरी तिला काही वाटलं नाही. मागच्याही बदलल्या, चाकांचे कोन बदलले, टायरची हवा कमीजास्त केली. ती दर वेळी खाली उतरून तेच सांगायची, "तशीच आहे." पिटमध्ये गाडीची कामं करणारी पोरं एकमेकांकडं बघायला लागली. परतीच्या वाटेवर विश्वजीत गाडीत हलकेच म्हणाला, "मोनाली, एवढे मोठे बदल ड्रायव्हरला जाणवायला पाहिजेत गं."

ते वाक्य तिच्या काळजात रुतलं. डोळे मिटून चाक ओळखणारी पोरगी, आणि तिला स्प्रिंग बदललेली कळत नाही? ती घरी आली आणि तिनं स्वतःलाच कामाला लावलं. पहाटे उठून धावायला लागली. वजन कमी करायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडलं. मोबाइलवर आपल्याच फेऱ्यांचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून आपली चूक शोधायला लागली. गीताबाई कुरकुरायच्या, "पोरगी पार वाळून चालली." अतुल ताटात मान घालून जेवायचा.

पुढच्या शर्यतीत व्हायचं ते झालं. वेगाच्या उजव्या वळणावर मागचं टोक सुटलं, ते या वेळी हातात आलंच नाही. हिमरू गरकन फिरून टायरांच्या भिंतीवर आदळली. मोनालीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तिथल्या दवाखान्यात विश्वजीत तिच्या उशाशी बसून होता. त्यानं डोक्यावरून हात फिरवला, नारळपाणी पाजलं, आणि म्हणाला, "तू वळणाच्या मधेच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललास. भीती बसलीय तुझ्या मनात. होतं असं, भल्याभल्यांचं होतं."

मोनालीला पाय उचलल्याचं आठवत नव्हतं. पण दादा म्हणतोय म्हणजे उचलला असेल. घरी आल्यावर साहेबरावांनी सगळं ऐकून घेतलं, आणि विश्वजीत निघून गेल्यावर तेही म्हणाले, "गाडी खोटं बोलत नसती, पोरी. हात घाबरला की गाडी घाबरती." त्या दिवसापासून मोनालीनं स्वतःवर भरवसा ठेवणं सोडलं. हात गळ्यात होता तेवढे दिवस अतुलच तिला घास भरवायचा. कधी कधी भरवता भरवता त्याचे डोळे पाणावायचे. भावाची माया म्हणून तिलाच त्याची कीव यायची.

हाड जुळल्यावर ती पुन्हा गाडीत बसली, पण आता खरोखरच भीत होती. ती आणखी मागं पडली. मोसमाची शेवटची शर्यत तोंडावर असताना विश्वजीतनं तिला शेडच्या बाहेर नेलं. "या वेळी ऋतुराजला बसवतो," तो म्हणाला. ऋतुराज त्याचा आतेभाऊ, पुण्याला कार्टिंग करायचा. "तू टीममध्येच राहा. तुझ्याशिवाय टीम नाही."

मोनालीनं मान हलवली. रडली ती मोटरसायकलवर, अतुलच्या पाठीमागं, रस्ताभर. अतुलनं गाडी थांबवली नाही आणि मागं वळूनही पाहिलं नाही.

तरीही ती शेवटच्या शर्यतीला गेली. दादानं बोलावलं होतं, आणि हिमरू तिचीही होती. पिटमधून ड्रायव्हरला झालेल्या फेऱ्यांची पाटी दाखवायचं काम तिनं घेतलं.

शर्यतीआधी गाड्यांची तपासणी असते. अधिकारी आले, तसे अतुलनं हिमरूच्या बाजूचे काळे-सोनेरी पत्रे उतरवले. मोनाली पाटी पुसत उभी होती. सहज तिची नजर गेली, आणि हात थांबला. बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, जिथं सबंध मोसमभर नुसती हवा होती, तिथं एक एक जाड तिरपा पाइप जोडलेला होता. वेल्डिंग अतुलच्या हातचं होतं. त्याचे टाके तिला कुठंही ओळखू आले असते.

"दादा, हे पाइप कधी बसले?"

"अं? मागच्या आठवड्यात." विश्वजीत कागदांत बघत होता. "ऋतुराज अंगानं जरा भारी आहे ना, म्हणून थोडं मजबूत केलं."

मोनालीनं अतुलकडं बघितलं. अतुल नजर चुकवून बोल्ट आवळत होता, आणि तो बोल्ट आधीच आवळलेला होता. तिनं त्याला दंडाला धरून ट्रकच्या मागं नेलं.

"अतुल, खरं सांग."

"ताई, शर्यत होऊ दे, मग…"

"आत्ता सांग."

अतुल ट्रकच्या चाकाशी खाली बसला. मग त्यानं सांगितलं. पहिल्या शर्यतीनंतर, म्हणजे अपघाताच्या कितीतरी आधी, विश्वजीतनं त्याला एकट्यालाच शेडवर बोलावलं होतं. गाडीची मागची बाजू जमिनीला जखडून टाकली, पुढच्या बाजूला आडवा लोखंडी दांडा बांधला आणि दांड्याच्या एका टोकाला वजनं लटकवली. फ्रेम किती पिळते ते मोजायला डायल लावला होता. "मी वजनं लटकवत होतो, ताई. काटा गरगर फिरला. दादा म्हणाले, बस कर. मधोमध फ्रेम ओल्या टॉवेलासारखी पिळत होती."

मोनालीला एका क्षणात सगळं लख्ख दिसलं. सुतळी सैल झालेल्या बाजेवर एका कोपऱ्यात बसलं की दुसरा कोपरा वर येतो, तशी हिमरू. स्प्रिंग कडक करा नाहीतर नरम, तिचा जोर चाकापर्यंत पोचणारच नव्हता. तो मधल्या फ्रेमच्या पिळण्यातच जिरत होता. 'काही फरक नाय,' हे ती सांगत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. आणि वळणात फ्रेम पिळून पिळून थांबली की सगळा भार एकदम मागच्या चाकांवर जाऊन ती सुटत होती. पाय तिनं उचललाच नव्हता.

"आणि तू मला सांगितलं नाय."

"दादा म्हणाले, ड्रायव्हरच्या मनात गाडीबद्दल शंका नको. मी करतो दुरुस्त. ते लेखाचं, व्याख्यानाचं चालू होतं ना… म्हणाले, मोसम संपू दे."

"माझं हाड मोडलं, अतुल."

अतुलनं गुडघ्यांत डोकं घातलं.

शर्यत झाली. मोनालीनं पाटी दाखवली. का दाखवली हे तिलाही सांगता आलं नसतं. हातांना ठरलेलं काम होतं, ते त्यांनी केलं. वळणावर हिमरू आज कापडातून कात्री जावी तशी जात होती. ऋतुराज तिसरा आला. बक्षीस घेताना कुणीतरी विश्वजीतसमोर माइक धरला. तो हसून म्हणाला, "गाडी पहिल्यापासून चांगलीच होती. फक्त तिला साजेसा ड्रायव्हर मिळायला वेळ लागला." टीमच्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. मोनाली पाटी छातीशी धरून तिथंच, चार पावलांवर उभी होती.

ट्रक भरताना ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आजवर ती त्याला तुम्ही म्हणत आली होती.

"मी आदळले तेव्हा तुला ठाऊक होतं."

विश्वजीतनं आधी नजरेनं अतुलला शोधलं, मग तिच्याकडं बघितलं. "हे बघ मोनाली, कोणत्या गाडीत दोष नसतो? मी त्यावर काम करतच होतो. मधेच फ्रेम उघडली असती तर सगळा मोसम गेला असता. आणि तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस."

"मी घाबरलेच की. तूच मला पटवलंस, मी घाबरते म्हणून. माझ्या उशाशी बसून."

"मी कुणाचं वाईट चिंतलं नाही गं."

"मग ये घरी. रविवारी ये, आणि हेच माझ्या आईबापासमोर सांग. बाकी मला काही नको."

"येतो," तो म्हणाला. मोनालीच्या हातावर हात ठेवायला गेला, तिनं हात काढून घेतला.

रविवारी गीताबाईंनी येसरचं कालवण केलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. 'विश्वजीत जेवायला येतोय' एवढंच पोरीनं सांगितलं होतं. ताटं वाढून झाली, भाकरी गार पडायला लागल्या. फोन लावला तर बंद. बऱ्याच वेळानं अतुलच्या मोबाइलवर निरोप आला, कामात अडकलोय, पुन्हा कधीतरी. अतुलनं तो वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला.

"पप्पा, मी सांगतो," तो म्हणाला.

त्यानं सगळं सांगितलं. फ्रेम, वजनं, काटा, सगळं. साहेबराव कामावर असताना इंजिनची खडखड ऐकायचे तसे, मान कलती करून ऐकत होते. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, "वजनं तू लटकवली?"

"व्हय."

"आणि हाड मोडल्यावर तूच हिला घास भरवत होतास."

"व्हय, पप्पा."

साहेबराव ताटावरून उठले. "अहो, अन्न टाकून उठू नका," गीताबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, पण ते मोरीत हात धुऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले. गीताबाईंनी विश्वजीतसाठी वाढलेलं ताट उचललं. त्यातलं कालवण पुन्हा पातेल्यात ओतायला त्यांचा हात धजेना. त्यांनी ते बाहेरच्या कुत्र्याला घातलं. "माझ्या हातचं खाऊन…" एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

मोनाली बापाशेजारी पायरीवर बसली.

"मी बी तुलाच बोललो," साहेबराव म्हणाले. "एकदा चितेगावला जाऊन ती गाडी हलवून बघायची होती मी. आयुष्यभर दुसरं केलं काय? पण मी त्याच्या तोंडावर विश्वास ठेवला, आणि तुझ्या हातावर नाय."

'असू द्या, पप्पा,' असं तिला म्हणावंसं वाटलं, पण मनात तसं नव्हतं, म्हणून म्हणाली नाही.

काही दिवसांनी एक फोन आला, ज्याची तिला अपेक्षा नव्हती. ऋतुराजचा. त्याला कुठूनतरी सगळं कळलं होतं. तो चाचरत बोलत होता. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं गाडी तीच आहे. गाडी आता बिडकीनला मामांच्या घरी आहे. तुम्हाला एकदा चालवायची असेल तर…"

ती गेली. बिडकीनच्या नव्या औद्योगिक वसाहतीत रुंद रुंद रस्ते आहेत आणि कारखाने अजून उभे राहायचे आहेत. रविवारी सकाळी तिकडं चिटपाखरू नसतं. परवानगी काढून ऋतुराजनं दोन पोरांना टोकाला उभं केलं होतं. मोनाली हिमरूत बसली. पहिल्या वळणाला तिनं सवयीनं स्टिअरिंग जरा जास्तच फिरवलं, आणि गाडी इतकी चटकन आत वळली की तिलाच दचकायला झालं. पुढच्या फेरीत तिनं हात सैल सोडले. तिसऱ्या फेरीत तिनं वळणात पाय दाबला. मागचं टोक जागचं हललं नाही. मोसमभर तिनं या गाडीकडं जे जे मागितलं होतं, ते ती आता मुकाट्यानं देत होती.

ऋतुराजला वाटलं, ती हसत उतरेल. ती उतरली ती संतापून. हेल्मेट तिनं हिसकून काढलं.

"चांगली आहे गाडी," ती म्हणाली, आणि मोटरसायकलला किक मारून निघाली.

विश्वजीतला त्याच हिमरूच्या जोरावर पुण्याच्या एका कंपनीत मोठी जागा मिळाली. निघण्यापूर्वी तो मुकुंदवाडीला आला नाही. त्यानं कुठल्याशा मुलाखतीत सांगितलं म्हणे, की सुरुवातीच्या अपयशातून आम्ही खूप शिकलो. अतुल घरातच राहतो, कामावर जातो, बहिणीच्या मोटरसायकलला आठवड्याला तेलपाणी करतो. ती त्याच्याशी बोलते. मीठ दे, दार लाव, उद्या लवकर जायचंय, असलं सगळं बोलते. त्यापलीकडचं काही बोलत नाही. गीताबाई दोघांना एकत्र बसवायला बघतात. मोनाली बसते, आणि ताट संपलं की उठते.

यंदा नाशिकच्या एका संघानं तिला बोलावलं. त्यांची गाडी नवी होती, आणि मंजुषा नावाची त्यांची डिझाइनर हसतमुख, मोकळी बाई होती. मोनालीनं आधी गाडीत बसायला नकार दिला. "फ्रेम पिळून बघितली का?" तिनं विचारलं. बघितली होती, आकडे चांगले होते. "माझ्यासमोर करा," मोनाली म्हणाली. मंजुषानं वाईट वाटून घेतलं नाही. पोरांनी मागची बाजू जखडली, दांडा बांधला, वजनं लटकवली. डायलचा काटा जेमतेम हलला. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

मोनालीला काटा दिसत होता. तरी ती वाकली, फ्रेमच्या मधल्या पाइपावर तिनं तळहात ठेवला, आणि पोरांना म्हणाली, "अजून एक वजन लावा."